हातांतलं वजन

"मातीला माती, राखेला राख, धुळीला धूळ..."

पाळकसाहेबांच्या तोंडून हे शब्द बाहेर पडले तेव्हा त्यांच्या हातांत पांढऱ्या झबल्यातलं तान्हं बाळ होतं. समोर बाप्तिस्म्याचं दगडी कुंड होतं, कुंडात कोमट करून ओतलेलं पाणी होतं आणि बाकांवर ठेवणीतले कपडे घालून बसलेली अख्खी मंडळी होती. शब्द मात्र दफनाच्या वेळचे होते. कबरीत पहिली मूठ टाकताना म्हणतात ते.

आधी कुणाच्या लक्षातच आलं नाही. पाळकाचं बोलणं एवढं कान देऊन कोण ऐकतो हो! वर्षानुवर्षं तीच उपासना, तोच सूर. लोक 'आमेन' म्हणायची वेळ आली की जागे होतात. पण पुढच्या बाकावरची बाळाची आजी दचकली. मागे कुणाच्या तरी हातातलं गीतपुस्तक धपकन खाली पडलं. तेव्हा कुठे पाळकसाहेबांना स्वतःचा आवाज ऐकू आला, आणि ते जागच्या जागी थिजले. पुढचं सुचेना आणि मागचं परत घेता येईना.

बाळाची आई समोर हातभर अंतरावर उभी होती. ही या चर्चची ऑर्गनवाली. एरवी ती मंडळीकडे पाठ करून ऑर्गनवर बसायची. ऑर्गनच्या माथ्यावर लावलेल्या छोट्या आरशात तिला वेदी दिसायची. पाळकसाहेबांनी हाताने खूण केली की ती गीत सुरू करायची. आज ती आई म्हणून पुढे आली होती. याआधी तिला एक मुलगा झाला होता. तो आठवडाभरच जगला, तोही हॉस्पिटलातल्या काचेच्या पेटीत. पाळकसाहेबांनी पेटीच्या भोकातून हात घालून, ओल्या बोटाने त्याचा बाप्तिस्मा केला होता, आणि पुढे मातीही त्यांनीच दिली होती. आई तेव्हा तापाने फणफणून त्याच हॉस्पिटलात पडलेली. पोटच्या पोराला निरोप द्यायला तिला जाता आलं नव्हतं.

आणि आता हे शब्द!

ती ओरडली नाही, रडली नाही. दोन्ही हात पुढे करून म्हणाली, "द्या इकडे."

पाळकसाहेबांनी बाळ दिलं. ती वळली आणि बाकांच्या मधल्या वाटेने सरळ दाराकडे चालू लागली. तिच्या मागे तिचा नवरा, त्याच्या मागे आजी. दार बंद झालं. बिचाऱ्या बाळाने एवढ्या सगळ्यात हूं की चूं केलं नव्हतं. टकमक बघत होतं. कुंडातलं पाणी तसंच राहिलं.

उपासना कशीबशी उरकली. मागच्या खोलीत पाळकसाहेब झगा न काढताच खुर्चीत बसून राहिले. मंडळीच्या अध्यक्षबाई आत आल्या. या निवृत्त मुख्याध्यापिका; आवाजात अजून शाळेची घंटा होती.

"पाळकसाहेब, बिशपसाहेबांना मी फोन केलाय. दुसऱ्या कुणी तिखटमीठ लावून सांगायच्या आत मीच सांगितलेलं बरं."

"बरं केलंत."

"ते लाइनवर आहेत. बोला."

बिशपसाहेब रागावले असते तर सोपं गेलं असतं. पण ते मऊ आवाजात म्हणाले, "झगा कपाटात ठेवा. उपदेश नाही, लग्न नाही, मयत नाही, घरभेटी नाहीत. पूर्ण विश्रांती."

"कधीपर्यंत?"

"बरं वाटेपर्यंत."

"साहेब, मी आजारी नाहीये."

"मग निदान आजारी आहोत हे कबूल करेपर्यंत," असं म्हणून बिशपसाहेबांनी फोन ठेवला.

आता विश्रांती म्हणजे काय, हे ज्याने जन्मात केलं नाही त्याला कोण शिकवणार? शिकवायला सगळेच निघाले. डॉक्टर म्हणाले, रोज चाला. अध्यक्षबाईंनी नाक धरून श्वास घ्यायचे तीन प्रकार स्वतः करून दाखवले, आणि बरोबर जमेपर्यंत त्या हलल्या नाहीत. गायकमंडळातल्या एका जाड्या गृहस्थाने गळ आणून दिला आणि नदीवर जाऊन मासे पकडा म्हणाला. मन कसं शांत होतं बघा. साहेब गेले. मासा काही लागला नाही. पण शेजारी गळ टाकून बसलेल्या अनोळखी माणसाने आपल्या मोडलेल्या संसाराची कहाणी सुरू केली, ती दिवस मावळेपर्यंत चालली. साहेब त्याचं समाधान करून, त्याच्या बायकोशी फोनवर बोलून, रिकामी बादली घेऊन घरी आले.

"झाली विश्रांती?" पाळकीणबाईंनी विचारलं.

"माणूस फार अडचणीत होता गं."

"तुमच्या कपाळावर पाटी आहे की काय, 'अडचणी इथे टाकाव्यात' म्हणून?"

पाळकीणबाई डोळ्यांच्या दवाखान्यात नर्स होत्या. लोकांच्या डोळ्यांत औषध घालता घालता समोरच्याला काय दिसतंय आणि काय दिसत नाहीये हे त्यांना पटकन कळायचं. त्या बोलल्या नाहीत, पण रोज सकाळी बघत होत्या. नवरा टेबलाशी बसतो, पुस्तक उघडतो, हात जोडतो, ओठ हलवतो. चहावर साय धरते. मग तो पुस्तक मिटतो आणि नळाचा वायसर बदलायला घेतो. घरातला एकही नळ आता गळत नव्हता, तरी गडी पाना घेऊन हिंडतोय!

पुढचा रविवार आला. त्या दिवशी मंडळीने ऑर्गनशिवाय गीतं म्हटली. पाळकाचं घर चर्चला लागून होतं, त्यामुळे खिडकी लावली तरी ऐकू यायचं. बायकांचा सूर पुढे पळत होता, पुरुषांचा मागे रेंगाळत होता आणि त्यांना एकत्र धरून ठेवणारं कुणी नव्हतं. ऑर्गनवाली आली नव्हती. पाळकसाहेब खिडकीपाशी उभे राहून शेवटच्या कडव्यापर्यंत ऐकत राहिले, आणि मग स्वयंपाकघरात येऊन म्हणाले, "मी सोडतो हे काम."

पाळकीणबाई कांदा चिरत होत्या. त्यांनी सुरी खाली ठेवली.

"सोडून काय करणार?"

"काहीही करीन. नळ दुरुस्त करीन. अगं, ज्या हातांत मी पोर धरलं आणि ते शब्द काढले, ते हात पुन्हा कुंडापाशी न्यायचे कोणत्या तोंडाने? ती माझ्यामुळे चर्चला येईनाशी झाली. पोराचा बाप्तिस्मा अर्धवट राहिला. माझ्यामुळे!"

"मला एक सांगा. मला काही झालं, मन उडालं, तर मी तुमच्याकडे येते. बायको म्हणून नाही, मंडळीतली एक म्हणून येते. अध्यक्षबाईसुद्धा येतात. तो नदीवरचा माणूस तर ओळखदेख नसताना आला. तुम्ही कुणाकडे जाता?"

"देवाकडे."

"देवाकडे जात असता तर असे दिसला नसता," पाळकीणबाई म्हणाल्या. हे बोलताना त्यांचे डोळे भरून आले, आणि ते कांद्याने नव्हते. "उद्या सकाळच्या बसने भोंग्यांकडे जा. डबा मी करून देते."

भोंगा म्हणजे निवृत्त थोरले पाळक. याच चर्चमध्ये त्यांनी उमेदीची सगळी वर्षं काढली होती. ऐकायला कमी यायला लागलं तसा त्यांचा आवाज वाढत गेला. शेवटी शेवटी तर त्यांनी कानात कुजबुजलं तरी रस्त्यापलीकडे कळायचं. तेव्हापासून सगळी मंडळी प्रेमाने त्यांना भोंगा म्हणते, अर्थात पाठीमागे. समोर म्हटलं तरी त्यांना ऐकू आलं नसतं म्हणा. बायको गेल्यापासून ते गावाबाहेरच्या एका बैठ्या घरात राहत आणि मागच्या वाफ्यात शेंगा लावत.

पाळकसाहेब पोहोचले तेव्हा म्हातारा वाफ्यात उकिडवा बसून वेलांना काठ्यांचा आधार देत होता. हात कोपरापर्यंत मातीने माखलेले.

"अरे, ये ये! ती दोरी धर. घट्ट. काय झालं?"

"थकलोय."

"काय?"

"थकलोय!"

"ते दिसतंय. पुढे बोल."

"कानातलं यंत्र लावता का जरा?"

"ते कपाटात आहे. त्यातून नुसता भांड्यांचा आवाज येतो. तू मोठ्याने बोल. पापं पुटपुटायची नसतात."

ल्युथरन पंथाच्या मंडळीत एकट्याने पाळकापुढे पाप कबूल करायची सोय आहे. उपासनेच्या पुस्तकात तिचं वेगळं पान आहे. पण ते पान कोरं करकरीत राहतं. सगळे मिळून एका सुरात 'आम्ही पापी आहोत' म्हटलं की भागतं, एकट्याने कोण जातंय! पाळकसाहेब स्वतः ते पान शिकवायचे, आणि स्वतः मात्र शिकत होते त्या दिवसांनंतर कधी त्या वाटेला गेले नव्हते. आता इतक्या वर्षांनी मनातलं बोलायचं, तर ऐकणारा ठार बहिरा. काय हा देवाचा विनोद! त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. कुंपणापलीकडे एक शेजारीण चादरी वाळत घालत होती.

"मला प्रार्थना करता येत नाही," ते म्हणाले.

"काय?"

"मला प्रार्थना येत नाही!" पाळकसाहेब ओरडले.

शेजारीण चादरीआडून डोकावली आणि पटकन पुन्हा आड झाली. म्हातारा खाली बघूनच गाठ मारत होता.

"कधीपासून?"

एकदा ओरडल्यावर बांध फुटला. ते सगळं ओरडूनच सांगावं लागलं, आणि ओरडून सांगायच्या गोष्टींत लपवाछपवी करता येत नाही. पाळकसाहेबांनी पहिल्या बाळाच्या दफनाच्या दिवसाचं सांगितलं. कबरस्तानात जेमतेम सहाजण. बाळाचा बाप फाटकापाशीच मटकन खाली बसला. शवपेटी उचलायला माणूस होता, पण साहेब म्हणाले, मी घेतो. ती घ्यायला माणसं लागू नयेत एवढीशी होती. दोन हातांवर आडवी घेऊन ते फाटकापासून खड्ड्यापर्यंत चालले.

"शब्द म्हटले. माती टाकली. सगळ्यांशी हात मिळवले. मग घरी जाऊन शर्ट बदलला, कारण दुपारी लग्न होतं! लग्नात मी नवऱ्या मुलाची थट्टा केली. जेवलो. फोटोसाठी हसलो. संध्याकाळी एका म्हातारीकडे गेलो, रात्री मीटिंग केली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. माझ्याजवळ वेळच नव्हता! त्या पोरासाठी माझ्या डोळ्यांतून एक टिपूस आलं नाही. आणि तेव्हापासून मी बोलतो आणि आत काही नसतं. लोकांना वाटतं मी प्रार्थना करतोय. मी नुसता बोलतोय! आणि त्या रविवारी..."

इथे त्यांचा आवाज आपोआप खाली आला. ते आपल्या दोन्ही हातांकडे बघत होते. दोरी कधीच सुटली होती.

"त्या रविवारी तिने बाळ माझ्या हातांवर ठेवलं. तेवढंच होतं हो. ती पेटी होती ना, तेवढंच वजन. हातांनी ओळखलं ते. मला कळायच्या आत हातांनी ओळखलं, आणि तोंड हातांच्या मागे गेलं."

म्हाताऱ्याने 'काय?' विचारलं नाही. त्याला हे कसं ऐकू आलं देव जाणे. तो सावकाश वळून वाफ्याच्या कडेला बसला.

"पोरांना शिकवतोस ना तू? बाप्तिस्मा म्हणजे काय म्हणून सांगतोस?"

"जुना माणूस पाण्यात बुडून मरतो. नवा उठतो."

"मग? पुरणंच आहे ना ते आधी? आपण पांढरं झबलं घालतो, फोटो काढतो, केक कापतो, म्हणून विसरायला होतं. कबर आणि कुंड यांत फार अंतर नाही बाबा. तू बोललास ते खोटं नव्हतं. पण अर्ध्यावर थांबलास. त्या वाक्याला पुढे आणखी आहे. म्हण बघू."

पाळकसाहेबांनी तोंड उघडलं. आयुष्यभर तोंडपाठ असलेलं वाक्य! घशातून काही बाहेर येईना. त्यांनी मान हलवली.

"येत नाही? येईल. आधी गुडघे टेक."

"इथे?"

"मग कुठे? तुझ्यासाठी गालिचा आणू?"

पाळकसाहेब ओल्या वाफ्यात गुडघ्यांवर बसले. म्हातारा उठला, त्याने हात धुतले नाहीत, पुसलेसुद्धा नाहीत. दोन्ही हात त्याने त्यांच्या डोक्यावर ठेवले आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा भोंग्याने म्हणाला, "तू जे कबूल केलंस ते देवाने ऐकलं आहे. मी त्याचा सेवक, त्याच्याच हुकमाने तुला सांगतो: पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने तुझ्या सगळ्या पापांची तुला क्षमा झाली आहे. झाली आहे! ऐकलंस?"

पाळकसाहेबांनी ऐकलं. हे शब्द त्यांनी स्वतः किती माणसांना दिले असतील, त्याची गणती नव्हती. रविवारमागून रविवार, आजाऱ्यांच्या खाटांशी, एकदा तर तुरुंगातल्या जाळीतून. पण देणारा वेगळा आणि घेणारा वेगळा. घेताना ते शब्द असे अंगावर येतात, याची त्यांना कल्पनाच नव्हती. डोक्यावर दोन म्हाताऱ्या हातांचं ओझं होतं, गुडघ्यांखाली गार माती होती आणि छातीत काहीतरी हलत होतं, बसून बसून मुंग्या आलेल्या पायात रक्त परतताना हलतं तसं. आजूबाजूला काहीच बदललं नव्हतं. वेलीला फुलं होती, फुलावर एक माशी होती. एवढी साधी सकाळ, आणि त्या सकाळी आकाश पृथ्वी निर्माण करणारा शेंगांच्या वाफ्यात येऊन एका थकलेल्या माणसाला म्हणतो, झाली क्षमा! त्या बाळासाठी न आलेलं रडं आता आलं, आणि आलं ते हमसून हमसून आलं. कुंपणापलीकडे शेजारीण चादर हातात धरून उभी होती. तिने नकळत मान खाली घातली होती.

बऱ्याच वेळाने म्हातारा म्हणाला, "आता तिच्याकडे जा. पाळक म्हणून जाऊ नको. झगा काढून घेतलाय ते बरंच झालं. आणि दर महिन्याला इथे यायचं. वेलींना नाही, तुला आधार लागतो."

घरी आल्यावर पाळकीणबाईंनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "अहो, केसांत माती कसली?"

"आशीर्वाद आहे. राहू दे."

"आशीर्वाद आत गेला असेल. वरचा धुऊन या," असं म्हणून त्यांनीच आपल्या हाताने ती झटकली, आणि झटकता झटकता क्षणभर त्यांच्या डोक्यावर हात तसाच ठेवला.

ऑर्गनवालीच्या घराचं दार तिच्या नवऱ्याने उघडलं. हा वायरमन. शांत स्वभावाचा गडी, पण त्या दिवशी दारात आडवा उभा राहिला.

"काय काम आहे?"

"तिला एक गोष्ट सांगायची आहे. ऐकून तिने जा म्हटलं तर जातो."

"तुम्ही बोललात तेवढं पुरे नाही का झालं?"

"येऊ दे त्यांना," आतून आवाज आला.

ती खिडकीपाशी बसली होती. बाळ पाळण्यात झोपलेलं. पाळकसाहेब बसले नाहीत. त्यांनी जे वाफ्यात सांगितलं तेच सांगितलं, या वेळी हळू आवाजात. पेटी, फाटकापासूनचं चालणं, लग्न, हातांना आठवलेलं वजन. माफ कर म्हणाले. माझी बाजू समजून घे, असं म्हणाले नाहीत.

ऑर्गनवाली म्हणाली, "त्या लग्नातला तुमचा फोटो मला कुणीतरी दाखवला होता. तुम्ही हसताय. मी हॉस्पिटलात होते. मनात म्हटलं, माझ्या पोराला पुरून हा माणूस जेवायला गेला."

"हो," पाळकसाहेब म्हणाले. "गेलो."

"मी तरी वाजवत राहिले. रविवार चुकवला नाही. आणि आरशात तुम्ही दिसायचात. बाकीच्यांना पाठमोरे दिसायचात वेदीपाशी, मला बाजूने चेहरा दिसायचा. ओठ हलायचे, पण तुम्ही तिथे नसायचात. मला वाटायचं, हा कंटाळलाय आपल्याला." तिने पाळण्याची दोरी धरली. "तुम्ही त्याच्यापाशीच राहिला होतात. कबरस्तानात. हे मला ठाऊकच नव्हतं हो. मला वाटत होतं, तिथे मी एकटीच आहे."

आणि ती रडू लागली. वायरमन दारातून आत आला आणि तिच्या मागे उभा राहिला. तो पाळकसाहेबांना म्हणाला, "मला तर फाटकाच्या आत पाऊल टाकवलं नाही. तुम्ही नेलंत त्याला." एवढंच बोलून त्याने बाहीने नाक पुसलं.

थोड्या वेळाने तिने डोळे कोरडे केले. "मला एक सांगा. तिथे काय म्हणाले, कसं झालं, ते मला कधी कुणी सांगितलं नाही. मी दुखावेन म्हणून. ते मातीचं मी त्या रविवारी पहिल्यांदा नीट ऐकलं. चर्चमधून घरी आले आणि दिवसभर तेच कानात. एवढंच म्हणतात? मातीला माती, आणि संपलं?"

"नाही. पुढे आहे."

"काय आहे?"

पाळकसाहेबांनी तोंड उघडलं, पण तिने हात वर केला. "इथे नको. तिथे म्हणा."

म्हणून ते गेले. तिने बाळाला कुशीत घेतलं, वायरमनने छत्री घेतली, ऊन फार होतं. फाटकापाशी त्याचे पाय घुटमळले. पाळकसाहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, पुढे ढकललं नाही, नुसता ठेवला. आणि तो आत आला. कोपऱ्यातल्या लहानशा दगडापाशी ते उभे राहिले. गवत वाढलं होतं. ऑर्गनवालीने वाकून एका हाताने ते बाजूला सारलं, माती मुठीत घेतली आणि पाळकसाहेबांकडे पाहिलं.

"मातीला माती," ते म्हणाले, "राखेला राख, धुळीला धूळ..." आणि थांबले नाहीत. "...आपल्या प्रभू येशू ख्रिस्ताच्या द्वारे सार्वकालिक जीवनासाठी पुन्हा उठण्याच्या खात्रीच्या आशेने."

तिने मूठ उघडली. वायरमननेही माती घेतली. पाळकसाहेबांचे ओठ आणखी हलत होते. आवाज येत नव्हता, पण या वेळी ते तिथेच होते, आणि ऑर्गनवालीला ते दिसत होतं. त्यांच्या पायांखाली एक लेकरू निजलेलं आणि आईच्या खांद्यावर दुसरं जागं. दोघांनाही एकाच पाण्याने, एकाच नावाने हाक मारायची! एकाला मारून झाली होती, एकाची बाकी होती. पाळकसाहेबांना वाटलं, आपण इतकी वर्षं केवढ्या मोठ्या गोष्टीच्या दारात उभे होतो, आणि घड्याळ बघत होतो.

परतताना फाटकापाशी ती म्हणाली, "मग याचा बाप्तिस्मा कधी?"

"थोरले पाळक येतील. मी विचारतो त्यांना."

"नको. तुम्हीच अर्धवट सोडलाय, तुम्हीच पुरा करा."

त्या संध्याकाळी पाळकसाहेबांनी बिशपसाहेबांना फोन लावला.

"काय म्हणता? बरं वाटतंय का?"

"नाही साहेब. आजारी आहे मी. बराच काळ होतो."

बिशपसाहेब म्हणाले, "छान. आता परत यायला हरकत नाही. हळूहळू या."

रविवारी उपासना भोंग्यांनीच चालवली. पाळकसाहेब झगा न घालता पाळकीणबाईंच्या शेजारी तिसऱ्या बाकावर बसले. तिथून चर्च कसं दिसतं हे त्यांना ठाऊकच नव्हतं. वेदी किती उंच दिसते, आणि समोरच्याच्या डोक्याने निम्मी कशी झाकते! ऑर्गन सुरू झाला तेव्हा बायकांचा सूर आणि पुरुषांचा सूर एकमेकांना येऊन मिळाले, आणि पाळकीणबाईंनी नवऱ्याचा हात दाबला. प्रभुभोजनाच्या वेळी ते रांगेत उभे राहिले, अध्यक्षबाईंच्या मागे. गुडघे टेकून ओंजळ पुढे केली. भाकरीचा तुकडा हातावर ठेवत म्हातारा गरजला, "हे ख्रिस्ताचं शरीर, तुझ्यासाठी दिलेलं!" मागच्या बाकांवर कुणीतरी हसू दाबलं. पाळकसाहेबांना हसू आलं नाही. ते ओंजळीत बघत राहिले, मागच्याला जागा द्यायची हेही विसरून.

मग कुंडाची वेळ आली. भोंगे बाजूला झाले आणि त्यांनी पाळकसाहेबांच्या खांद्यांवर झगा घातला. ऑर्गनवाली ऑर्गनवरून उठून पुढे आली. सगळी मंडळी श्वास रोखून बसली होती; त्या दिवशी एकाचंही लक्ष इकडेतिकडे नव्हतं.

तिने बाळ त्यांच्या हातांवर ठेवलं.

वजन आता थोडं वाढलं होतं, पण हातांना जुनं वजन आठवलंच. पाळकसाहेबांनी डोळे मिटले आणि त्या जुन्या वजनालाही हातांत राहू दिलं. तेवढ्यात हातांतलं वजन हललं. बाळाने पाय झाडले, आळस दिला आणि झग्याची कड मुठीत धरून ओढली.

पाळकसाहेबांनी ओंजळीने पाणी घेतलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने. डोक्यावर पाणी पडताच बाळाने असा काही टाहो फोडला की पहिल्या बाकावर बसलेल्या भोंग्यांनासुद्धा ऐकू गेला, आणि ते खूश होऊन मोठ्याने म्हणाले, "आमेन!"

ऑर्गनवाली आपल्या जागेवर परत गेली. आता गीत होतं. तिने बोटं पट्ट्यांवर ठेवली आणि खुणेसाठी आरशात पाहिलं. खूण करायला पाळकसाहेबांचा हात मोकळा नव्हता. दोन्ही हातांत बाळ होतं, आणि ते त्याच्याकडे बघत उभे होते. बाळाचा बाप घ्यायला पुढे झाला होता, त्याच्याकडेही त्यांचं लक्ष नव्हतं. मंडळी गीतपुस्तकं उघडून ताटकळली होती.

ऑर्गनवाली आरशात बघत राहिली. तिने घाई केली नाही.